वेळापत्रकात नसलेला विषय

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने काय बोलावे याची एक रूढ चौकट आहे. संस्थापकांचे स्मरण करावे, साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, गुणवंतांचा गौरव करावा आणि पुढच्या पिढीला शुभेच्छा द्याव्यात. ते सारे अध्यक्ष महोदयांनी माझ्याहून कितीतरी चांगल्या शब्दांत आत्ताच केले आहे. म्हणून आपल्या परवानगीने मी एका अगदी लहान, काहींना कारकुनी वाटेल अशा प्रश्नावर बोलणार आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाने किंवा मुलीने किती विषय, किती वर्ग अंगावर घ्यावेत, हा तो प्रश्न.

मी मराठीची शिक्षिका. अभियांत्रिकीवर बोलण्याचा अधिकार मला नाही, हे मी जाणते. परंतु हा प्रश्न मला विचारला गेला होता, मी त्याचे उत्तर दिले होते आणि ते उत्तर चुकले होते. त्या चुकीची किंमत मोजावी लागली ती आपल्या शाळेच्या एका विद्यार्थिनीला. आज हे सांगण्यापूर्वी मी तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "बाई, जरूर सांगा. फक्त नाव घेऊ नका." तेव्हा नाव न घेता सांगते.

ही मुलगी बालवाडीपासून दहावीपर्यंत आपल्याच शाळेत शिकली. वडील एस. टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक. यंत्राची ओढ तिला घरातूनच लागलेली. वर्गात सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिची ख्याती होती. काही शिक्षक तर तिच्या वर्गावर जाण्यापूर्वी पुस्तक पुन्हा चाळून जात. दहावीला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले आणि तिचे नाव आपल्या दाराशी असलेल्या सन्मानफलकावर लागले. पुढे देशपातळीवरील प्रवेशफेरीतून तिला चंडीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली. महाराष्ट्राबाहेर पाऊल न टाकलेले ते घर. पण आईवडिलांनी मन घट्ट करून तिला पाठवले.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. "बाई, इथे ठरलेले विषय आहेतच. पण सगळेजण त्याशिवाय आणखी काही काही घेताहेत. एनपीटीईएलचे बारा आठवड्यांचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. कुणी शनिवार-रविवारचा कोडिंगचा क्लास लावलाय. रोबोटचा क्लब आहे. आत्ताच नाही घेतलं तर मागे पडशील, असं सीनियर्स म्हणतात. मी किती घेऊ?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाले, "अगं, दहावीच्या वर्षी तू शाळेचे हस्तलिखित, वक्तृत्व आणि विज्ञान प्रदर्शन एकाच वेळी सांभाळलेस. घे सगळे. आपल्या शाळेची मुलगी आहेस."

फोन ठेवताना मला फार बरे वाटले. आज मागे वळून पाहते तेव्हा ध्यानात येते, की त्या बरे वाटण्यात तिचे हित थोडे होते आणि माझा अभिमान अधिक होता.

पुढचा फोन आला तो जानेवारीत. "बाई, गणितात बॅक लागली." आपण जिला केटी म्हणतो तिला तिकडची मुले 'बॅक' म्हणतात. मी गप्प राहिले. मग ती म्हणाली, "अजून घरी सांगितलेलं नाही. मी परत येऊ का?"

मित्रहो, शिक्षकी पेशात तीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ अशा वेळी सांत्वनाची वाक्ये तयार असतात. त्या दिवशी मला त्यांतले एकही उच्चारवेना. कारण नापास कोण झाले होते? ऑगस्टमध्ये दिलेले माझे उत्तरही त्यात नापास झाले होते. शेवटी शिक्षकाला जे येते तेच मी केले. तिला वही उघडायला सांगितली. म्हटले, "गेल्या सत्रातला एक साधा आठवडा आठव, आणि कोणत्या कामाला किती तास गेले ते लिहून पाठव. परत यायचे की नाही ते त्यानंतर ठरवू."

दुसऱ्या दिवशी वहीच्या पानांची छायाचित्रे आली. मी ती आपल्या गणिताच्या सरांपुढे ठेवली, अभियंता असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि आम्ही तिघे शाळा सुटल्यावर फळ्यासमोर बसलो. त्या संध्याकाळी मी जे शिकले ते आज तुमच्यापुढे मांडते. थोडे आकडे येतील. पण मुलांनो, हे आकडे ध्यानात ठेवा.

महाविद्यालयात विषयाचे वजन श्रेयांकांत मोजतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली अभियांत्रिकी पदवीचा एक आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे आठ सत्रांत सरासरी वीस. आठवड्याला एक तास व्याख्यान असेल तर त्याचा एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला मात्र दोन तासांमागे एक. त्या नमुन्यात पहिल्या सत्राला भौतिकशास्त्र, गणित, मूलभूत विद्युत अभियांत्रिकी आणि अभियांत्रिकी आलेखन असे चारच विषय आहेत. त्यांचे मिळून साडेसतरा श्रेयांक होतात. दुसऱ्या सत्राचे साडेवीस. शिवाय प्रारंभी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम. त्यात खेळ, कला, परिसराची ओळख, माणसांची ओळख. प्रत्येक संस्थेची मांडणी थोडीफार निराळी असते. हिशेबाला सोयीचा म्हणून आम्ही हा नमुना समोर ठेवला.

दोन गोष्टी येथे माझ्या डोळ्यांत भरल्या. पहिली अशी, की ज्या जाणत्यांनी हा अभ्यासक्रम आखला त्यांनी पहिले सत्र जाणूनबुजून हलके ठेवले होते. नव्या माणसाला घरात आल्यावर आधी पाणी द्यावे, थोडे बसू द्यावे, तशी ती जागा राखलेली होती. मी तिला त्या जागेतही सामान भरायला सांगितले. दुसरी गोष्ट अशी, की श्रेयांक पाहून ओझे कळत नाही. अभियांत्रिकी आलेखनाचे श्रेयांक तीन. पण त्याचे आठवड्याला एक तास व्याख्यान आणि चार तास ड्रॉइंग, असे पाच तास वर्गातच जातात. गणिताचे श्रेयांक चार आणि तासही चार. श्रेयांकांनी लहान दिसणारा विषय घड्याळाला मोठा असू शकतो.

आता पुढचा हिशेब. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाचे १२०० अध्ययन-तास म्हणजे ४० श्रेयांक. एका श्रेयांकामागे ३० तास. वर्ग, प्रयोगशाळा, स्वतःचा अभ्यास, परीक्षा हे सारे त्यातच आले. साडेसतरा श्रेयांकांचे झाले ५२५ तास. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ३५ तास.

आठवड्यात तास असतात १६८. रोज आठ तास झोप, म्हणजे ५६ गेले, उरले ११२. आंघोळ, जेवण, कपडे धुणे, जाणेयेणे यांना रोज चार तास, म्हणजे २८ गेले, उरले ८४. त्यातून अभ्यासाचे ३५ वजा केले की राहतात ४९.

एकोणपन्नास तास! आमचे सर खडू हातात धरून थांबले. मलाही क्षणभर हायसे वाटले. एवढा वेळ मोकळा असेल तर माझे उत्तर चुकले कुठे?

मग आम्ही तिने वरून घेतलेल्या गोष्टी मांडल्या. दोन ऑनलाइन अभ्यासक्रम, प्रत्येकी तीन श्रेयांक धरले तर प्रत्येकी ९० तास. ते बारा आठवड्यांत बसवायचे म्हणजे आठवड्याला साडेसात, दोन्हींचे पंधरा. रोबोट क्लब रोज संध्याकाळी दोन तास, पाच दिवसांचे दहा. शनिवार-रविवारचा क्लास सहा तासांचा. एकूण ३१. एकोणपन्नासातून एकतीस गेले, अठरा राहिले. अजूनही हिशेब जमत होता.

पण तिच्या वहीत आणखी एक रकाना होता. त्यावर तिने लिहिले होते, 'परत बघणे'. आठवड्याला अकरा तास. हे अकरा तास कोणत्याही वेळापत्रकात नव्हते, त्यांना श्रेयांक नव्हते आणि त्यांची परीक्षाही नव्हती. मी फोन करून विचारले, "हे परत बघणे म्हणजे काय ग?"

तिने जे सांगितले ते, माझ्या मते, आपल्या शाळेच्या प्रत्येक शिक्षकाने ऐकावे असे आहे.

आपल्याकडे समज असा, की मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शब्द अडतात. ते तितकेसे खरे नाही. अकरावी-बारावीचे विज्ञान त्यांनी इंग्रजीतूनच शिकलेले असते. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन आणि रोध म्हणजे रेझिस्टन्स हे तिला पाठ होते. छापील पानावरचे सारे तिला कळत होते. पण वर्गात ते सारे वेगाने, अनोळखी उच्चारात कानांवर येई. वर्गाची भाषा इंग्रजी, वर्गाबाहेरची पंजाबी आणि हिंदी. मैत्रिणींनी विनोद केला की ही दोन क्षण उशिरा हसे. आणि शंका आली तर? प्रश्न मनात मराठीत उभा राही. त्याचे इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सरांनी फळा पुसलेला असे. या शाळेत सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या मुलीने त्या सत्रात एकदाही हात वर केला नव्हता.

वर्गात अर्ध्या मिनिटात सुटली असती अशी शंका रात्री खोलीवर अर्धा तास घेई. नमुन्याप्रमाणे आठवड्याला बावीस तासिका धरा. प्रत्येक तासिकेमागे अर्धा तास. अकरा तास असे झाले. अठरांतून अकरा गेले की उरतात सात. दिवसाला एक तास. आजारपण, आईशी बोलणे, सणवार, बँकेतली रांग, मनाला आलेली मरगळ, हे सगळे त्या एका तासात बसवायचे. नोव्हेंबरमध्ये तिला चार दिवस ताप आला आणि रचलेली उतरंड कोसळली. सर्वांत आधी सुटला तो गणिताचा अभ्यास. कारण गणित आपल्याला येते, त्याच्याकडे नंतर पाहता येईल, असा तिचा विश्वास होता. वेळ अपुरा पडला की माणूस आपल्या भरवशाच्या विषयावरच आधी कर्ज काढतो.

या अकरा तासांना मी 'वेळापत्रकात नसलेला विषय' म्हणते. त्याचे ओझे देशपातळीवरही मान्य झालेले आहे. २०२१ साली आठ राज्यांतील चौदा महाविद्यालयांत मराठीसह पाच भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू करण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक शाखेत मराठीतून शिकण्याची सोय केली. पण आपली बहुतेक मुले इंग्रजीतूनच शिकणार आहेत आणि त्यांनी तसे शिकावेही. फक्त तो विषय यादीत धरावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि तो एकट्या मराठी माध्यमाच्या मुलांचा असतो असेही नाही. कुणी रोज दीड तास लोकलने जातो-येतो. कुणाच्या घरी आजारी माणूस आहे. कुणी फी भरण्यासाठी संध्याकाळी शिकवण्या घेतो. कुणी प्रथमच आईच्या हातच्या जेवणावाचून राहतो. प्रत्येकाचा एक तरी विषय वेळापत्रकाबाहेरचा असतो.

ती परत आली नाही. आईवडिलांना तिने त्याच आठवड्यात सारे सांगितले. वडील रागावले नाहीत. ते म्हणाले, "गाडी बंद पडली की आधी बॉनेट उघडतात, कोणी गाडी टाकून देत नाही." दुसऱ्या सत्रात तिने कोडिंगचा क्लास सोडला, भरलेले पैसे गेले, ते त्या घराला जाणवले. नवा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला नाही. रोबोट क्लब ठेवला, पण आठवड्यातून एकच संध्याकाळ. कारण तेथे माणसे भेटत, बोलावे लागे, जीभ सुटे. राहिलेल्या वेळेत गणित पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केले. आणि एके दिवशी ट्युटोरियलच्या तासाला हात वर केला. प्रश्न अर्धा इंग्रजीत, अर्धा हिंदीत. सरांनी तिचे वाक्य सुधारले नाही. सरळ उत्तर दिले. त्या सत्राच्या अखेरीस तिच्या वहीतला 'परत बघणे'चा रकाना अकरावरून चारवर आला होता. गणित सुटले. तिसऱ्या सत्रात तिने एक, फक्त एक, जादा अभ्यासक्रम घेतला आणि तो व्यवस्थित पुरा केला.

येथे गोष्ट गोड करून संपवणे मला सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. आज ती चौथ्या वर्षाला आहे, आवडीचे काम शिकते आहे. तरीही एका मुलाखतीत तिला पहिल्या सत्राच्या त्या गुणांविषयी विचारले गेलेच. गुणपत्रिकेवरची ती ओळ पुसली जात नाही. माझ्या एका उत्साही वाक्याचा त्या ओळीत वाटा आहे, आणि तो मी आज येथे कबूल करते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही काही शिक्षक पंजाबात गेलो होतो. संत नामदेव महाराजांचे वास्तव्य झालेले घुमान पाहिले. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले होते. मराठी माणूस पंजाबात परका नाही, हा दिलासा घेऊन येताना मी चंडीगडला एक दिवस थांबले. तिने मला आपले महाविद्यालय दाखवले. कल्पना चावला १९८२ साली येथूनच विमान अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या, हे तिने अर्थातच अभिमानाने सांगितले. पण मला अधिक भावली ती खुद्द त्या महाविद्यालयाची कथा. त्याचा जन्म १९२१ सालचा, लाहोरजवळच्या मुघलपुऱ्यातला. फाळणीनंतर ते उखडले गेले आणि रुडकीला आले. तेथून चंडीगडच्या आजच्या आवारात आले ते डिसेंबर १९५३ मध्ये. आपल्या जागी स्थिरावायला एका संस्थेला सहा वर्षे लागली. मग सतराअठरा वर्षांच्या मुलीला सहा महिने लागले तर त्यात कमीपणा कसला?

संध्याकाळी आम्ही सुखना तलावाच्या काठी बसलो होतो. ते शहर कसे बांधले गेले ते ती मला सांगत होती. ल कार्बुझिए यांच्या आराखड्यात पहिला टप्पा सेक्टर एक ते तीसचा, दीड लाख लोकांसाठी. त्यापुढचे सत्तेचाळीसपर्यंतचे सेक्टर दुसऱ्या टप्प्यात, आणखी साडेतीन लाखांसाठी. बोलता बोलता ती हसून म्हणाली, "बघा बाई, त्यांनीसुद्धा सगळे सेक्टर एकदम नाही बांधले."

आता मुलांनो, तुमच्यासाठी. मी तुम्हांला थोडके घ्या असे सांगत नाही. आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात हात आखडता घेतला, रिकाम्या वेळाचे काय करावे हे त्याला उमगले नाही, आणि उशिरा उठण्याची सवय तेवढी पदरात पडली. मोकळा वेळ हाही कामाला लावावा लागतो. पण 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. तेव्हा माझे सांगणे एवढेच आहे.

विषय मोजू नका, श्रेयांकही मोजू नका, तास मोजा. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच रविवारी एका कागदावर १६८ हा आकडा लिहा आणि वजाबाकी करत खाली या. झोपेचे आठ तास आधी वजा करा, उरले तर झोपू असे म्हणू नका. मग तुमचा वेळापत्रकात नसलेला विषय कोणता ते प्रामाणिकपणे लिहा आणि त्यालाही तास द्या.

पहिल्या सत्रात ठरलेले विषय आणि त्यांबरोबर एकच गोष्ट घ्या. ती अशी निवडा, की जिच्यामुळे चार माणसांत मिसळावे लागेल. पहिली चाचणी होऊ द्या. तिचे गुण हातात आल्यावर दुसरी गोष्ट घ्यायची की नाही ते ठरवा. मागे पडण्याची भीती मनातून काढा. त्या आदर्श अभ्यासक्रमात ऑनर्स किंवा दुसऱ्या शाखेची जोडपदवी हवी असणाऱ्यांसाठी वीस जादा श्रेयांकांची सोय आहे. पण ते मिळवायला चार वर्षे आहेत. पहिल्या चार महिन्यांत ते कोणी मागत नाही.

घेतलेले सोडायलाही शिका. सोडण्याची मुदत कोणती हे नियमपुस्तिकेत पाहून ठेवा. वेळेवर सोडलेल्या विषयाची लाज वाटू देऊ नका. आणि पहिल्या आठवड्यात, कोणत्याही भाषेत, मोडक्यातोडक्या वाक्यात का होईना, वर्गात एक तरी प्रश्न विचारा. पहिला प्रश्न जितका लांबेल तितके रात्रीचे तास वाढतील.

पालकहो, आपल्यालाही एक विनंती. फोनवर "आणखी काय काय घेतलंस?" असे विचारू नका. "झोप किती झाली? आज कुणाशी बोललास?" असे विचारा. शेजारच्या मुलाने किती प्रमाणपत्रे मिळवली याची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची घाई करू नका. आपला अभिमान मुलाला उभारी देतो, हे खरे. पण कधी कधी तो त्याच्या पाठीवरचे ओझेही होतो. हे मी अनुभवाने सांगते.

आणि शेवटी आपण, ही शाळा. ही हकीगत ऐकून कोणी म्हणेल, 'पाहा, मराठी माध्यमामुळे मुलगी मागे पडली.' मी ते मान्य करणार नाही. तिला गणित समजले ते मराठीत समजले म्हणूनच पुन्हा उभे करता आले. प्रश्न विचारण्याची सवय तिला याच भिंतींत लागली. आपण कमी पडलो ते अन्यत्र. येथून तेथे जाणारा जो पूल आहे, तो ओलांडायला किती तास लागतात हे आपण तिला सांगितले नाही, आणि तो ओलांडण्याचा सराव दिला नाही. म्हणून गेल्या जूनपासून नववी-दहावीच्या वर्गांत शनिवारची शेवटची तासिका आपण 'प्रश्नांची तासिका' केली आहे. विज्ञानातला एक प्रश्न मुलाने आधी मराठीत विचारायचा, मग तोच इंग्रजीत. चुकले तर कोणी हसायचे नाही. प्रारंभी मुले लाजत. आता घंटा झाली तरी हात खाली येत नाहीत. साठ वर्षांच्या संस्थेत ही एक तासिका म्हणजे फार मोठे कार्य नव्हे, याची मला जाणीव आहे. पण त्या मुलीच्या वहीतले अकरा तास पाहिल्यानंतर एवढे तरी करणे आम्हांला भाग होते.

या वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या आणखी एका विद्यार्थ्याचा फोन आला. "बाई, पहिल्या सत्राला किती विषय घेऊ?" या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, "वही काढ. वर १६८ लिही." तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर मराठी शिकवायचात!" आम्ही दोघेही हसलो, आणि मग पाऊण तास वजाबाकी करत बसलो.

 दहावीच्या मुलांना शालान्त परीक्षेसाठी आणि त्यापुढच्या प्रत्येक पहिल्या सत्रासाठी माझे मनःपूर्वक आशीर्वाद.

 

— मुख्याध्यापिका (एम. ए., बी. एड.)